न मोजलेले दात

दाजी,

तुमच्या उत्तरकार्याला आलेल्या प्रत्येकानं तुमच्याबद्दल काहीतरी चांगलं सांगितलं. कुणाच्या लग्नात तुम्ही पाण्याचा टँकर उभा केलात, कुणाची बैलजोडी गाळातून काढलीत. मी कोपऱ्यात बसून मान हलवत होतो. अशा वेळी मान हलवणारा साला शोभून दिसतो. बोलायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण उभा राहिलो असतो तर मला एकच गोष्ट सांगता आली असती, आणि ती पंगतीआधी सांगण्यासारखी नव्हती.

सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याशी खोटं बोललो. फार मोठं नाही, दोन-तीन शब्दांचं. तुमच्या जीपच्या पुढच्या एक्सलसाठी मी धुळ्याहून गिअर आणला होता. तुम्ही विचारलंत, दात मोजले का. मी म्हटलं, दोन वेळा मोजले. एकदाही मोजले नव्हते.

आणि तुम्हाला शेवटचं दवाखान्यात नेलं ते त्याच जीपमधून. माझं ते खोटं त्या दिवशी रस्त्यात आडवं आलं का, हा प्रश्न घेऊन मी तेरा दिवस तुमच्या दारात बसलो. लोकांना वाटलं, मास्तर फार खचले. परवा उत्तर मिळालं, म्हणून लिहायला बसलोय. उत्तर आधी सांगून टाकलं असतं, पण गोष्ट शेपटाकडून सांगितलेली तुम्हाला आवडायची नाही. तुम्हाला ठाऊक असलेलंही क्रमानं मांडतो. मांडणी केल्याशिवाय मला कुठलंच गणित सुटत नाही.

जीप तुम्ही लिलावातून आणलीत तेव्हाच ती म्हातारी होती. रंग थोडा खाकी, थोडा हिरवा, उरलेला गंज. कळसाडीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ती रुतायची, म्हणून तुम्ही तिला मोठाले टायर घातलेत. रुतणं थांबलं. पण ती इतकी उंच झाली की ताईला चढायला ओट्यावरचा पाट आणावा लागायचा, आणि चढण लागली की तिला धाप लागायची. तोरणमाळच्या घाटात आपण दोघं गेलो होतो ते आठवतं? शेळ्या घेऊन चाललेला एक माणूस आपल्याला मागे टाकून पुढे गेला, पुढच्या वळणावर आपली वाट पाहत थांबला आणि तुमच्याकडे तंबाखू मागितली. तुम्ही ती चालत्या गाडीतून दिलीत. मळायलाही त्याला वेळ मिळाला.

तिथंच तुम्ही ठरवलंत, हिचा इलाज करायचा. शहाद्याच्या गफूर मिस्त्रीनं इलाज सांगितला आणि त्यामागचं गणित मी सांगितलं. गणित सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. एक्सलच्या पोटात दोन गिअर असतात. छोटा तो पिनियन, त्याला इंजिन फिरवतं. मोठं दातेरी कडं तो क्राऊन, तो चाकं फिरवतो. तुमच्या जीपच्या पिनियनला नऊ दात होते आणि क्राऊनला एकेचाळीस. म्हणजे पिनियन साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. टायर मोठे झाल्यावर इंजिनाला ते ओझं पेलेना. तेव्हा पिनियन आठ दातांचा घ्यायचा आणि क्राऊन त्रेचाळीस दातांचा. मग चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडचे पाच पूर्णांक तीन अष्टमांश फेरे मिळतात. गाडी पळेल कमी, चढेल जास्त. तुम्ही म्हणालात, म्हणजे माझ्यासारखी. मी म्हटलं, हो, पण तीन अष्टमांश लक्षात ठेवा.

फक्त एक अट होती. जीपला पुढे एक एक्सल, मागे एक, आणि फोरव्हीलला दोन्ही एकदम कामाला लागतात. म्हणून दोन्हीकडचे दात सारखे हवेत. नाहीतर पुढची चाकं एक हिशेब करतात आणि मागची दुसरा. चिखलात ते खपतं, चाकं घसरून आपसात तडजोड करतात. पण कडक रस्त्यावर कुणीच माघार घेत नाही. मग शाफ्ट पिळवटतो, फोरव्हीलचा दांडा अडकून बसतो, गाडी ओढल्यासारखी चालते आणि शेवटी काहीतरी तुटतं. हेही मीच तुम्हाला समजावून सांगितलं होतं. ओट्यावर, खडूनं, बाण काढून.

मागच्या एक्सलचा क्राऊन-पिनियनचा जोड तुम्ही स्वतः शोधून आणलात. परातीत डिझेल ओतून धुतलात आणि मला म्हणालात, मोज. मी मोजले, बेचाळीस आले. पुन्हा मोजले, चव्वेचाळीस. तिसऱ्यांदा त्रेचाळीस. गोल वस्तू मोजताना सुरुवात कुठून केली ते हरवतं, हे मी तुम्हाला पटवत असताना तुम्ही म्हणालात, "मास्तर, सरासरी काढू नको." आणि ताईच्या देवघरातून कुंकवाचा करंडा आणलात. एका दाताला कुंकवाचं बोट लावलंत, तिथून निघालात, एकेका दातावर नख टेकवत फेरी मारलीत आणि लाल दातापाशी येऊन थांबलात. त्रेचाळीस. मग तुम्ही त्या परातीतल्या लोखंडाला नमस्कार केलात. कुंकू लावल्यावर नमस्कार न करता उठता येत नाही, म्हणालात.

मी हसलो तेव्हा तुम्ही सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर आलात. "घोडा लेवाले जातस तवय तोंड उघाडीसन दात देखतस. लोखंडनी काय पाप करं?" त्यानंतर आपल्या घरात कुठलीही वस्तू आणली की कुणीतरी विचारायचंच, दात पाहिले का. मिक्सरचेसुद्धा.

पुढच्या एक्सलचा जोड मिळेना. उसाची तोड चालू होती, तुम्हाला शेत सोडता येत नव्हतं. मला पेपर तपासणीच्या बैठकीला धुळ्याला जायचंच होतं. जुना माल विकणाऱ्या एकाकडे जोड असल्याचं गफूर मिस्त्रीनं काढलं होतं. तुम्ही मला पत्ता दिलात आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर कुंकू दिलंत. ती पुडी मी वरच्या खिशात ठेवली. शर्ट पांढरा होता, नवा होता, आणि सगळं तिथंच बिघडलं.

दुकानदारानं जोड पुढ्यात ठेवला. काळ्या ग्रीसनं माखलेला. त्रेचाळीस-आठ आहे, डोळे झाकून न्या, म्हणाला. मी डोळे झाकले नाहीत, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. पिनियनचे दात मोजले. आठ होते. आठ दात लांबूनही मोजता येतात, हात लावावा लागत नाही. क्राऊनचे मोजायचे तर तो मांडीवर घ्यावा लागला असता. बैठकीला अर्धा तास उरला होता. मी दुकानदाराला म्हटलं, बांधा गोणपाटात.

ज्या मुलानं ताळा केला नाही त्याचा अर्धा गुण मी कापतो, दाजी. सत्तावीस वर्षं कापतोय. त्या दिवशीही बैठकीत मी ह्या विषयावर पाच मिनिटं बोललो, आणि गोणपाट माझ्या खुर्चीखाली होतं.

संध्याकाळी मी मिस्त्रीच्या गॅरेजवर आलो तेव्हा तुम्ही शेतातून थेट तिथं आला होतात. गोणपाट सोडलंत, क्राऊन हातात घेतलात, एकदा सगळीकडून फिरवून पाहिलात.

"मास्तर, दात मोजात का?"

"दोन येळा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग क्राऊन खाली ठेवलात आणि मला चहा पाजलात. चहाबरोबर खारी पण मागवलीत.

दोन दिवसांनी माझ्या बायकोनं, सुनंदानं, शर्ट धुवायला घेतला आणि बादली लाल झाली. खिशातली पुडी तशीच होती, न सोडलेली. कुठल्या देवाला गेला होतात, तिनं विचारलं. मी त्या लाल पाण्याकडे पाहत राहिलो. तोवर तो माझा आळस होता. त्या क्षणाला तो गुन्हा झाला. फोन उचलून तुम्हाला सांगायचं ठरवलं. पण माझी हिंमत जमा व्हायला आठवडा लागतो, हे तुम्ही जाणता. आठव्या दिवशी तुमचाच फोन आला.

"आगला बी बठी गया," तुम्ही म्हणालात. "आते तोरणमाळ दूर नही. चाल."

बसून गेलेलं आता कुठे उघडायला लावायचं, असं मी मनाशी म्हटलं आणि अभिनंदन केलं. गफूर मिस्त्रीचंही केलं. तोरणमाळला मात्र आलो नाही. सहामाहीचे पेपर आहेत, म्हणालो.

पुढच्या महिन्यात लोणखेड्याला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. ताईनं माठ आणला आणि तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू. उघडली तर माठाखाली ठेवायची गोल लोखंडी अडणी, हिरव्यागार ऑइलपेंटनं रंगवलेली. "माठ डुगडुगाले नको म्हनीसन लयनू," तुम्ही म्हणालात आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन माठ त्यावर बसवलात. पहिला पेला भरून मला दिलात. मी पीत असताना समोर उभे राहून पाहत होतात. मला वाटलं, काय जीव आहे ह्यांचा माझ्यावर.

मग सहा वर्षं. जीप दृष्ट लागण्यासारखी चालली, सगळे सांगायचे. घाट सहज चढते, म्हणायचे. मी पाहिलं नाही, कारण मी तुमच्याबरोबर घाटात पुन्हा गेलोच नाही. दरवर्षी पाऊस ओसरला की तुमचा फोन यायचा, मास्तर, तोरणमाळ. आणि दरवर्षी माझ्याकडे काहीतरी तयार असायचं. पेपर, मूळव्याध, निवडणुकीची ड्युटी. एका वर्षी मी सांगितलं की मला घाटात मळमळतं. घाटात मळमळणाऱ्या माणसानं लग्नानंतर पहिली सहल सप्तशृंगीला काढली होती, आणि त्या गाडीचे चालक तुम्ही होतात. तरी तुम्ही बरं म्हणालात.

तुमच्याकडे आलो की मी डॉक्टरसारखा जीपची चौकशी करायचो. फोरव्हील चिखलातच टाकत जा, डांबरीवर नको, जुनी गाडी आहे, असा उपदेश दर वेळी. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि उठताना हमखास विचारायचात, "दात मोजात ना मास्तर?" तो प्रश्न आता घरातला विनोद झाला होता. ताई हसायची, सुनंदा हसायची. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. आठवीच्या वर्गात गुणोत्तर-प्रमाण शिकवताना मी तुमच्याच जीपचं उदाहरण द्यायचो, त्रेचाळीस भागिले आठ. एका मुलीनं विचारलं, सर, पुढच्याला वेगळे दात असले तर? मी तिला खाली बसायला सांगितलं. हुशार मुलगी होती.

भाद्रपदात ते झालं. शेतात पाणी काढून द्यायला गेला होतात आणि बांधावर बसल्याबसल्या पडलात. भाचा सुरतेला नोकरीवर. ताईनं जीप काढली. तिला जीप शिकवलीत तेव्हा गावानं तुम्हाला वेड्यात काढलं होतं, तेव्हा मीही थोडा गावाच्या बाजूनं होतो. तिनं ओट्यावरचा पाट घेतला, चढली, फोरव्हील टाकलं आणि पोटरीएवढ्या चिखलातून तुम्हाला बाहेर काढलं. शेतावरच्या सालदार गड्यानं तुम्हाला मागे धरून ठेवलं होतं. दवाखान्याच्या पायरीवरून तिनं मला फोन केला. काय झालं ते सांगितलं, आणि मग, माणूस घाबरला की काहीही बोलतो तसं, म्हणाली, "चिखलमा टाकेल फोरव्हील शहादा लगुन तशीच ऱ्हाई गयी. माले ध्यानच नही."

मी लगेच मांडणी केली, दाजी. म्हणजे कळसाडीपासून शहाद्यापर्यंत, कडक डांबरीवर, चारही चाकं लावलेली. पुढचा एक हिशेब, मागचा दुसरा. मधे तुम्ही आडवे.

गाडी ओढत होती का, कुठे अडली का, किती वेळ लागला, ह्यातलं काहीच मी तिला विचारलं नाही. तिनं उत्तर दिलं असतं, ही भीती होती. चार दिवस तुम्ही होतात. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलात तेव्हा मी एकटा उशाशी होतो. तेव्हा सांगायचं, असं मी खरंच ठरवलं होतं. तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हळू म्हणालात, "माठनं पाणी गार ऱ्हास ना मास्तर?"

मला वाटलं तुम्हाला तहान लागलीय. मी नर्सला विचारायला धावलो, चमच्यानं पाणी पाजलं. तुम्ही चमचा तोंडात धरून हसलात. औषधाची गुंगी असेल, असं मी ताईला सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

परवा, चौदाव्या दिवशी, मी ताईला म्हटलं, जीप सर्व्हिसिंगला टाकतो. शहाद्याला गफूर मिस्त्रीकडे नेली आणि सांगितलं, पुढचा एक्सल उघड. त्यानं विचारलं, काय बिघडलंय? मी म्हटलं, काही नाही, दात मोजायचे आहेत. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "मास्तरसाब, तुम्ही लयेल माल यामा बठनाच नही कधी."

मी आणलेला बसवलाच नव्हता, तर मग आत काय होतं? मी म्हटलं, तरी उघड.

त्यानं झाकण काढलं. काळं तेल पातेल्यात गळलं. क्राऊनचा थोडाच भाग दिसतो, म्हणून जॅकवर उचललेली चाकं तो हातानं हळूहळू फिरवत राहिला आणि मी बोट लावून मोजत राहिलो. शर्ट पांढराच होता. ह्या वेळी घरून निघतानाच कुंकू घेतलं होतं. तेलावर ते धरेना, बोटानं दाबून दाबून लावलं. लाल दात फिरून समोर आला तेव्हा त्रेचाळीस झाले होते. पिनियनचे आठ. मागच्याशी तंतोतंत.

मी गॅरेजमधल्या जुन्या टायरवर बसलो. मिस्त्री म्हणाला, ह्याच टायरवर ते पण बसले होते. मग त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी मी चहा पिऊन गेल्यावर तुम्ही क्राऊन पुन्हा उचललात आणि प्रत्येक दात पुसून पाहिलात. कुंकू कुठेच नव्हतं. तुम्हाला तर आधी, हातात घेतला तेव्हाच कळलं होतं. मग तुम्ही मोजलेत. एकोणचाळीस. चार दात कमी. गणितच करायचं तर चाकाच्या एका फेऱ्यामागे बरोबर अर्ध्या फेऱ्याचा फरक. इतका की चार पावलांत गाडी कुरकुरली असती. तुम्ही ह्या टायरवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. दोन दिवसांनी तोड एका दिवसापुरती भावकीवर सोपवून स्वतः धुळ्याला गेलात, कुंकू घेऊन, आणि दुसरा जोड आणलात. मिस्त्री म्हणाला, मास्तरला सांगा की. तर तुम्ही म्हणालात, "त्याना पोटमा काही ऱ्हास नही. तो सांगी."

हे ऐकलं आणि मला आधी फक्त श्वास घेता आला. चांगला, मोकळा. तुम्हाला शहाद्याला नेलं तेव्हा जीप ओढत नव्हती. ताई जितक्या वेगानं आणू शकत होती तितक्याच वेगानं तुम्ही आलात. माझा अर्धा फेरा त्यात कुठेच नव्हता. पुढे जे झालं ते छातीतलं होतं, एक्सलमधलं नव्हतं. एवढं सुटं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते तुमच्या जाण्यानंतर वाटावं ह्याची लाजही वाटली. पण खोटं कशाला बोलू. आता तरी.

मग राग आला. सहा वर्षं, दाजी? मी मूळव्याधीची सोंगं करत होतो आणि तुम्ही बरं बरं म्हणत होतात? एका वाक्यात मला सोडवता आलं असतं. मिस्त्रीला मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, वाक्य तर तुमच्याकडे होतं. आपलं हे भांडण आता असंच राहणार. आधी कुणी बोलायला हवं होतं? मला वाटतं, मीच. पण तुम्ही समोर असतात तर मी हे कबूल करण्याआधी तासभर वाद घातला असता, आणि त्या तासाची मला फार आठवण येते.

उठता उठता मी विचारलं, मग मी आणलेला तो जोड कुठे गेला? मिस्त्री हसला नाही, ह्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. म्हणाला, पिनियन भंगारात गेला. "क्राऊन तर तुमना घरमा शे."

जीप परत द्यायला कळसाडीला गेलो. ताई ओट्यावर होती. मी तिला सगळं सांगितलं, बादलीतल्या लाल पाण्यापासून. तिनं अर्ध्यावर थांबवलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. ऑइलपेंटचे दोन हात तिनंच दिले होते म्हणे, अंगणात, तुम्ही शेजारी बसून सूचना देत होतात. "तुना दाजी म्हनेत, तो सांगी, मंग आपन हाससूत," ती म्हणाली. तोरणमाळला दरवर्षी बोलवायचे तेही त्यासाठीच. घाटात, वरच्या वळणावर, फोरव्हील टाकून मला विचारायचं ठरवलेलं होतं. मग तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि त्यातूनच तिला हसू फुटलं, आणि मग मला. तुमच्या फोटोसमोर आम्ही दोघं भावंडं हसत होतो. शेजारच्या काकू दारात येऊन पाहून गेल्या. पाऊस ओसरला की ताई मला तोरणमाळला नेणार आहे. गाडी तीच चालवणार. मळमळत नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

घरी आलो. सुनंदाला म्हटलं, माठ रिकामा कर. तिनं पाणी बादलीत ओतलं. माठ बाजूला ठेवला आणि मी अडणी उचलून ओट्यावर घेतली. सहा वर्षांत कधी उचलली नव्हती, झाडू तिच्या भोवतीनं फिरायचा. खालच्या कडेची दातेरी घडण पाहून वास्तुशांतीच्या दिवशी मी पाहुण्यांना म्हटलं होतं, आपल्याकडचे लोहार अजून नक्षी करतात हो. तुम्ही तिथंच होतात. तोंडात लाडू होता म्हणून वाचलात.

सहा वर्षं मी माझ्याच चुकीवर ठेवलेलं पाणी पीत होतो, आणि ते गार होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो नाही, चमचा आणायला धावलो. तर आता सांगतो. गार राहतं, दाजी. मे महिन्यातसुद्धा.

तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या संध्याकाळपासून. ते ठाऊक असताना तुम्ही माझ्यासाठी खारी मागवलीत, माझ्या घरात माठ बसवलात, माझी बहीण माझ्या भरवशावर सोडून निर्धास्त गेलात. ज्याच्यापासून लपवत होतो त्याचं सगळं पाहून झालेलं होतं आणि तरी तो दरवर्षी मला सहलीला बोलावत होता. ह्यापेक्षा जास्त मोकळं माणसाला कशानं वाटतं, मला माहीत नाही.

देवघरातून कुंकू आणलं. रंगाचे पापुद्रे चाकूनं खरवडले, एका दाताला बोट लावलं आणि तिथून निघालो, नख टेकवत, तुमच्यासारखं. लाल दातापाशी आलो. एकोणचाळीस. नमस्कार केला. मग माठ पुन्हा बसवण्याआधी त्याच दातापासून परत एकदा फेरी मारली, सावकाश, मधे कुणाशी न बोलता.

मोजले, दाजी. दोन वेळा.